आमच्या घरात उपाली का नाही?



आपल्या वस्तीतील कोणत्याही शाळेचे हजेरीपत्रक उघडून पाहा. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद ही नावे पानोपानी आढळतील. ज्यांच्या वाडवडिलांना गाव धोंड्या, कचऱ्या, भिक्या अशा हाका मारीत असे, त्यांच्या घरांत ही नावे आली याचा आनंद कोणास होणार नाही? परंतु त्याच हजेरीपत्रकात उपाली हे नाव शोधा. बहुधा ते सापडणार नाही. ते का सापडत नाही, हा प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवीत आहे. त्याचे उत्तर आपणा सर्वांस अवघडविणारे आहे, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

काही दिवसांपूर्वी माझ्या कचेरीत एक कुटुंब आले. मुलाच्या जन्माची नोंद झालेली. पण नावाचा रकाना कोरा. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क नोंदविता येते. ती मुदत उलटली होती. नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून ते नोंदविता येते, हे मी सांगितले. पण अडचण शुल्काची नव्हतीच. आईला मुलाचे नाव उपाली ठेवावयाचे होते आणि घर त्यास तयार नव्हते. चुलता म्हणाला, हे तर मुलीचे नाव वाटते. बाप म्हणाला, या नावाने आपण कोण ते चटकन ओळखू येईल. वृद्ध आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वकीलसाहेब, ज्या न्हाव्यानं माझ्या बापाच्या डोक्याला कधी वस्तरा लावला नाही, त्याचं नाव माझ्या नातवाला ठेवायचं?"

या तिन्ही आक्षेपांस उत्तर देणे मला अगत्याचे वाटते. तत्पूर्वी उपाली कोण होता ते पाहू.

कपिलवस्तूच्या शाक्यांचा तो न्हावी. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे सहा जण प्रव्रज्या घेण्यास निघाले तेव्हा सेवक म्हणून तो त्यांच्यासमवेत होता. आपल्या मुलखाची सीमा ओलांडल्यावर त्यांनी अंगावरील अलंकार उतरवून त्याच्या स्वाधीन केले व त्यास परत जाण्यास सांगितले. तो काही अंतर गेला. पण राजपुत्रांचा घात करून हा दागिने घेऊन आला, असे समजून शाक्य आपणास ठार मारतील, अशी भीती त्याला वाटली. त्याने ते गाठोडे झाडाला टांगले आणि तो मागे फिरला. आयुष्यभर पुरेल इतके धन त्या झाडावर राहिले! अनुपिया येथे भगवंतांसमोर त्या सहा जणांनीच विनंती केली की, आम्ही शाक्य मोठे अभिमानी आहोत. या आमच्या सेवकास आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांस त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान गळेल. भगवंतांनी तसेच केले. संघात ज्येष्ठता जन्मावरून ठरत नाही, दीक्षेच्या क्रमावरून ठरते. ज्या मस्तकांवर उपालीने वस्तरा फिरविला होता, ती मस्तके त्याच्यापुढे वाकली.

कथा येथेच संपत नाही. विनय म्हणजे संघाचा कायदा. तो जाणणाऱ्यांत भगवंतांनी उपालीस अग्रस्थान दिले. महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली तेव्हा महाकाश्यपांनी धम्म आनंदास विचारला आणि विनय उपालीस विचारला; तोही धम्माच्या आधी. सभेत क्षत्रिय होते, ब्राह्मण होते. पण कायदा काय, हे सांगण्याचा अधिकार न्हाव्याचा होता. बंधूंनो, हे वाचताना तुम्हांस दुसरे एक नाव आठवत नाही काय? 29 ऑगस्ट 1947 रोजी या देशाच्या घटनेचा मसुदा करणारी समिती नेमली गेली आणि तिच्या अध्यक्षस्थानी महार कुळात जन्मलेला पुरुष बसला. "भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात हीनदीनांच्या धम्मदीक्षेचे प्रकरण परमपूज्य बाबासाहेबांनी उपालीपासूनच सुरू केले आहे. त्यांच्यामागोमाग सफाई करणारा सुनीत येतो, अस्पृश्य सोपाक येतो. ग्रंथ आपण वंदनेच्या पाटावर ठेवतो. त्यातील ही माणसे मात्र पाळण्यापर्यंत पोहोचत नाहीत.

आता आक्षेपांकडे वळू. नाव मुलीचे वाटते, हा आक्षेप कानाचा आहे. रूपाली, सोनाली ऐकलेल्या कानाला तसे वाटणारच. मग हरी, रवी, शशी ही नावे पुरुषांची कशी? सवयीने. दहा घरांत उपाली नांदू लागला की अकराव्या घरी कोणी हसणार नाही. श्रीलंकेत हे पुरुषांचे परिचित नाव आहे.

ओळखू येईल, हा आक्षेप भीतीचा आहे आणि ती भीती मी खोटी म्हणत नाही. पण जे लपविण्यासारखे नाही ते लपविण्यास मुलाला पाळण्यातच शिकवावे काय? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे, असा दंडक आहे. नाव ही क्षुल्लक गोष्ट असती, तर त्याचा कायदा करण्याची गरज पडली नसती. कोणी म्हणेल, मूल जगावे म्हणून धोंडू, दगडू ही नावे सर्वच जातींत ठेवीत. खरे आहे. पण तेथे धोंडूचा धोंडोपंत होई. आमचा धोंड्या मरेपर्यंत धोंड्याच राहिला. तो ग्रंथ 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळला गेला. त्याची भीती मनात जपून ठेवावयाची, तर मग जाळले काय?

राहिले आजोबा. त्यांचे दुःख खरे आहे. सेवा नाकारणे हा 1955 च्या कायद्याने गुन्हा ठरला. त्यापूर्वी तो गावाचा रिवाज होता. परंतु वस्तरा नाकारणारा न्हावी स्वतः कोठे उभा होता? वरच्याच्या पायाशी आणि खालच्याच्या डोक्यावर! बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती हीच. तिची खरी मेख अशी की, तिच्यात प्रत्येकास तुच्छ लेखण्यासाठी कोणीतरी खाली मिळतो. आता आपली आवडती नावे पुन्हा वाचा. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद. सारे शाक्य, सारे क्षत्रिय कुळातले. भगवंतांचे नाव श्रद्धेने ठेवावे, त्यास माझा विरोध नाही. पण राजपुत्रांची नावे तेवढी उचलावीत आणि न्हाव्याचे, सफाई करणाऱ्याचे नाव तेथेच सोडावे, ही निवड धम्माने शिकविलेली नाही. ती जातीने शिकविली आहे आणि आपण ती दीक्षाभूमी ओलांडून बरोबर आणली आहे.

नाव ठेवले की काम झाले, असेही मी म्हणत नाही. 1753 साली सयामहून उपाली याच नावाचे थेर श्रीलंकेस गेले. खंडित झालेली उपसंपदा त्यांनी तेथे पुन्हा सुरू केली व त्यातून सयाम निकाय उभा राहिला. पुढे थोड्याच वर्षांत त्या निकायाने उपसंपदा गोयिगम या वरच्या जातीपुरती राखून ठेवली. इतर जातींच्या लोकांना उपसंपदेसाठी ब्रह्मदेशात अमरपुरापर्यंत जावे लागले आणि त्यांचा निराळा निकाय झाला. ज्या संघात न्हावी राजपुत्रांच्या आधी बसला, त्याच संघात उपालीच्या नावामागून जात शिरली! म्हणून नावाबरोबर वर्तनही आले पाहिजे. पोटजात पाहून सोयरीक करणाऱ्या घरात उपाली वाढला, तर त्या नावाची विटंबनाच होईल.

दुसरा एक उपाली होता. तो नालंदेचा गृहस्थ. भगवंतांशी वाद घालण्यास आला आणि अनुयायी होऊ लागला. तेव्हा भगवंतांनी त्यालाच बजावले की, नीट विचार करून मगच निर्णय कर. मीही तुम्हांस आज्ञा करीत नाही. विचार करा, एवढेच मागणे आहे.

त्या दिवशी आजोबांना उत्तर देणे मला जमले नाही. त्यांच्या बापाचे न भादरलेले डोके माझ्या डोळ्यांपुढे होते. ते कुटुंब अर्ज तसाच घेऊन परत गेले. आज हे उत्तर लिहीत आहे. आजोबा, तो रकाना अजून कोरा आहे. तुमच्या वडिलांना ज्याने नाकारले त्याचे हे नाव नव्हे. नाकारणारी आणि नाकारलेली अशी दोन माणसे उरूच नयेत, म्हणून जो सर्वांच्या आधी बसविला गेला, त्याचे हे नाव आहे. ते आपल्या हाताने लिहा.

जय भीम.