चलनबाजार मोबाईलवर आला; पण पडद्यावरचा भाव कोणाचा?

मुंबई (प्रतिनिधी) - डॉलर-रुपयाच्या भावाची क्षणाक्षणाची हालचाल पाहण्याची सोय एके काळी बॅंका आणि मोठ्या कंपन्यांपुरतीच होती. आता ती मोबाईलवर फुकट मिळते. आलेख, आर्थिक घडामोडींचे वेळापत्रक, सरावासाठीचे खाते अशी साधनेही हौशी व्यापाऱ्याच्या हाताशी आली आहेत. मात्र, साधने मिळाली म्हणजे आपण बॅंकांच्या बरोबरीला आलो, हा समज महागात पडू शकतो.

जागतिक चलनबाजाराला शेअर बाजारासारखे मध्यवर्ती ठिकाण नाही. बॅंक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या २०२२ च्या पाहणीनुसार तेथे दिवसाला सुमारे साडेसात लाख कोटी डॉलरची उलाढाल होत होती; पण यातील बहुतेक सौदे वित्तसंस्थांमध्ये परस्पर होतात. परदेशी ॲपवरील भाव अनेकदा ती कंपनीच ठरवते आणि ग्राहकाच्या सौद्याची दुसरी बाजूही तीच असते. अशा वेळी ग्राहकाचा तोटा हा तिचा नफा ठरतो. म्हणूनच भाव पडताळण्यासाठी स्वतंत्र आकडे हवेत.

अधिकृत आकडे

असे आकडे उपलब्ध आहेत, तेही विनामूल्य. रुपयाचा संदर्भ दर जुलै २०१८ पासून 'फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया' ही संस्था जाहीर करते. परकीय चलनाच्या गंगाजळीचे आकडे रिझर्व्ह बॅंक दर शुक्रवारी देते. शिकागोतील चलन वायद्यांत बडे सटोडिये कोणत्या बाजूला आहेत, हे अमेरिकी वायदे नियामकाच्या साप्ताहिक अहवालातून कळते.

या आकड्यांनाही मर्यादा आहे. अमेरिकी अहवालातील स्थिती मंगळवारची असते आणि तो प्रसिद्ध होतो शुक्रवारी. रिझर्व्ह बॅंकेने बाजारात किती डॉलर विकले वा घेतले, हा रुपयासाठी कळीचा आकडा तर सुमारे दोन महिन्यांनी समजतो. थोडक्यात, हे आकडे काय घडले ते सांगतात. उद्याचा भाव सांगत नाहीत.

शिवाय, दिसणाऱ्या भावाला सौदा होईलच, याची हमी नसते. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बॅंकेने युरोमागे १.२० फ्रॅंक ही मर्यादा अचानक उठवली आणि काही मिनिटांत युरो एका फ्रॅंकच्याही खाली घसरला. तोटा रोखण्यासाठी आधीच दिलेल्या सूचना ठरलेल्या भावाला अमलात येऊ शकल्या नाहीत. अनेकांनी भांडवल तर गमावलेच, वर दलालांचे देणेही अंगावर आले. शंभरपट उसनवारीवर सौदा केला, तर भाव एक टक्का विरुद्ध जाताच सारे भांडवल संपते. हे गणित कोणताही आलेख बदलू शकत नाही.

कायद्याची चौकट

युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ मध्ये भावफरकाच्या करारांवर निर्बंध आणले. चलनांचे सौदेही त्यांत येतात. अशा करारांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात असल्याचे त्या वेळी दिसून आले होते. भारतात रुपयाशी निगडित चलन वायदे करणाऱ्याकडे मुळात परकीय चलनाची जोखीम असली पाहिजे, हे रिझर्व्ह बॅंकेने २०२४ मध्ये स्पष्ट केले. निव्वळ सट्टा करू पाहणाऱ्यांचा ओढा त्यामुळे परदेशी ॲपकडे वळण्याची भीती आहे. तेथे मात्र धोका दुहेरी आहे. पैसे बुडाले तर दाद मागणे कठीण आणि 'फेमा' कायद्यान्वये गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे.

अनधिकृत कंपन्यांची पहिली सावधानता यादी रिझर्व्ह बॅंकेने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केली. तीत ३४ नावे होती. पुढे ती वाढत गेली. एखादे नाव यादीत नाही म्हणजे त्या कंपनीला परवानगी आहे, असा अर्थ होत नाही, हेही बॅंकेने बजावले आहे.

त्यामुळे हौशी व्यापाऱ्याने आलेख उघडण्यापूर्वी ही यादी आणि अधिकृत व्यापार मंचांची यादी पाहावी. चलनबाजारातील सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन तेच आहे.