वैरीण गारगोटी

सेलू म्हणजे काळी माती, कापूस आणि जिनिंग. इथे ‘रग्ड’ स्मार्टवॉच बांधून राबणाऱ्याने चिकणमातीला भिऊ नये. ती काचेपेक्षा मऊ. खरी वैरीण गारगोटी, आणि वाळूत तिचेच बारीक कण. मोह्स मापनावर तिचा कठीणपणा 7, कडक केलेल्या काचेचा साधारण 6, नीलम काचेचा 9. म्हणून असे कण बसलेले घड्याळ बाहीला घासले की साध्या काचेवर ओरखडा उठतो, नीलमावर नाही. पण नीलम ठिसूळ. ट्रॅक्टरच्या हुकावर आपटला तर तडकू शकतो. ‘रग्ड’ घड्याळांवर लिहिलेली ‘मिल-एसटीडी-810’ ही अमेरिकी लष्कराची चाचणीपद्धत. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या, हे मात्र कंपनीच ठरवते. तेव्हा घेताना काचेभोवतीची उंच कड बघावी, आणि शेतातून आल्यावर घड्याळ आधी पाण्याखाली धरून मगच पुसावे.