विश्लेषण : जीएसटी कपातीनंतर गाडीची बॅटरी स्वस्त झाली, पण टिकणारी बॅटरी ओळखायची कशी?

वाहनांच्या शिसे-आम्ल बॅटरीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बिलासह मिळणारी नवी बॅटरी आणि बिनबिलाची किंवा ‘रिकंडिशन’ केलेली बॅटरी यांच्या किमतीतील अंतर त्यामुळे कमी झाले. तरीही अनेक गाड्यांची नवी बॅटरी दीड-दोन वर्षांतच मान टाकते. त्यामागे कंपनीचे नाव हे कारण क्वचितच असते. चुकीच्या प्रकारची, गोदामात पडून राहिलेली किंवा मूळ बिघाड न तपासता बसवलेली बॅटरी, ही खरी कारणे असतात.

करकपातीने नेमके काय बदलले?

जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ रोजीच्या ५६व्या बैठकीत २८ टक्क्यांचा टप्पा बहुतांश वस्तूंसाठी रद्द करण्याचा निर्णय झाला. लिथियम-आयन बॅटरीवर आधीपासूनच १८ टक्के कर होता. मोटार, ट्रक, ट्रॅक्टर आणि इन्व्हर्टरमध्ये वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या बॅटऱ्याही आता त्याच टप्प्यात आल्या.

करपूर्व किंमत ५,००० रुपये असेल, तर पूर्वी बॅटरी ६,४०० रुपयांना पडत होती. ती आता ५,९०० रुपयांना पडते. थेट बचत ५०० रुपयांची. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असे सांगणाऱ्या दुकानदाराकडे पूर्वी सोडून देण्यासारखा १,४०० रुपयांचा कर होता. आता ती रक्कम ९०० रुपये आहे. या ९०० रुपयांसाठी ग्राहक वॉरंटीवरचा हक्क गमावण्याचा धोका पत्करतो.

बॅटरी खरेच संपली आहे का?

सकाळी सेल्फ लागला नाही की बॅटरी गेली, असे गृहीत धरले जाते. पण गंजलेले टर्मिनल, सैल अर्थिंग, बिघडलेला अल्टरनेटर किंवा गाडी बंद असताना वीज खाणारे एखादे उपकरण यांनीही हेच लक्षण दिसते. मूळ दोष तसाच राहिला, तर नवी बॅटरीही काही महिन्यांत त्याच वाटेने जाते.

तपासणी सोपी आहे. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर मल्टिमीटरने मोजल्यास पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्ट म्हणजे साधारण निम्मा चार्ज आणि १२ व्होल्टच्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन सुरू असताना हाच आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टदरम्यान असावा. तो वाढत नसेल, तर दोष अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंगमध्ये शोधायला हवा. केवळ व्होल्टेजवरून अंतिम निष्कर्ष मात्र काढता येत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करून तिच्यावर भार देऊन पाहणे, म्हणजे ‘लोड टेस्ट’ करणे, हा खरा निकष आहे.

बंद गाडीत साधारण ५० मिलीअँपिअरपर्यंतचा वीजवापर सामान्य मानला जातो. तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात. ३५ अँपिअर-तासांची छोट्या मोटारीची बॅटरी त्या वेगाने दोन आठवड्यांत निम्मी होऊ शकते. त्यात डॅशकॅम किंवा जीपीएस यंत्र जोडलेले असेल, तर आठवडाभर उभी असलेली गाडीही सुरू होत नाही. अशा वेळी बॅटरीला दोष देणे चुकीचे ठरते.

घाव उन्हाळ्यात, त्रास नंतर

बॅटरी थंडीत बंद पडते हा अनुभव खरा असला, तरी तिचे आयुष्य खाणारा शत्रू उष्णता आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. त्यामुळे पाणी उडते आणि प्लेटच्या जाळीचे गंजणे वेग घेते. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बॉनेटखाली तापमान त्याहून बरेच अधिक असते. उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी मग पावसाळ्यात दिवे, वायपर आणि पंखा एकदम चालू झाले की किंवा थंडीच्या पहाटे इंजिन जड झाले की उघडी पडते.

दुसरा शत्रू म्हणजे अर्धवट चार्ज. रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत सेल्फसाठी खर्च झालेली वीज पूर्ण भरून येत नाही. प्लेटवर सल्फेटचा कडक थर साचतो आणि क्षमता कायमची घटते. त्यामुळे रोज लांब धावणाऱ्या टॅक्सीची बॅटरी आणि सोसायटीत उभ्या असलेल्या मोटारीची बॅटरी वेगवेगळ्या कारणांनी मरते.

आकड्यांचा अर्थ काय?

बॅटरीवरचा पहिला महत्त्वाचा आकडा अँपिअर-तासांचा, म्हणजे साठवणक्षमतेचा. ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीन अँपिअरचा प्रवाह वीस तास देऊ शकते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्षमतेपेक्षा कमी क्षमतेची बॅटरी घेऊ नये. थोडी जास्त चालते, पण ती ट्रेमध्ये घट्ट बसली पाहिजे.

दुसरा आकडा ‘सीसीए’. उणे १८ अंश सेल्सिअसला बॅटरी ३० सेकंद किती प्रवाह देऊ शकते, हे तो सांगतो. महाराष्ट्रात तशी थंडी पडत नसली, तरी सेल्फ फिरवण्याची ताकद तुलनेने समजण्यासाठी हा आकडा उपयोगी पडतो, विशेषतः डिझेल गाड्यांसाठी.

तिसरी खूण आकाराची. ‘३८ बी २० एल’ अशा जपानी पद्धतीच्या सांकेतिक क्रमांकात शेवटचे अक्षर धन टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते दाखवते. ‘एल’ऐवजी ‘आर’ घेतली, तर केबल पोहोचत नाही किंवा ओढून ताणून लावावी लागते. तारा उलट जोडल्या गेल्यास गाडीतील इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते.

सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत सर्वाधिक गफलत होते. त्यांना वारंवार सेल्फ सोसणारी ‘ईएफबी’ किंवा ‘एजीएम’ प्रकारची बॅटरी लागते. ती महाग असल्याने तिच्या जागी साधी बसवली जाते. गाडी सुरू होते, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण साधी बॅटरी तो भार फार काळ सोसत नाही. इलेक्ट्रिक मोटारींमध्येही मुख्य बॅटरीखेरीज दिवे आणि नियंत्रण यंत्रणेसाठी बहुधा १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते. तीही ठरावीक काळाने बदलावी लागते.

ट्रकचे गणित वेगळे का?

जड ट्रक आणि बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळवले जातात. दोन्हींतून एकच प्रवाह वाहतो. त्यामुळे एक नवी आणि एक जुनी अशी जोडी लावली, तर दोघी सारख्या चार्ज होत नाहीत. जुनी लवकर भरते आणि तापते, नवी अपुरी राहते. म्हणून दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच कंपनीच्या घ्याव्यात. एका बॅटरीचा खर्च वाचवण्याच्या नादात अनेकदा दोन्ही जातात.

केबिनमधला टेप किंवा मोबाइल चार्जर १२ व्होल्टवर चालवण्यासाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढण्याची सवयही घातक आहे. तीच बॅटरी सतत उतरते आणि जोडीचा समतोल बिघडतो. त्यासाठी २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर वापरणे योग्य. खराब रस्त्यांवरच्या हादऱ्यांनी प्लेटमधील सक्रिय द्रव्य झडते. त्यामुळे बॅटरीचा क्लॅम्प घट्ट असणे ट्रकमध्ये अधिक गरजेचे ठरते.

ताजी बॅटरी कशी ओळखावी?

बॅटरी दुकानात नुसती पडून असली तरी हळूहळू उतरते. अनेक महिने चार्ज न करता ठेवलेली बॅटरी ‘नवी’ म्हणून विकली जाते, पण तिचे काही आयुष्य आधीच खर्ची पडलेले असते. उत्पादनाचा महिना आणि वर्ष खोक्यावर किंवा बॅटरीच्या अंगावर असते. काही वेळा ते सांकेतिक स्वरूपात असते. त्याचा अर्थ विक्रेत्याकडून समजून घ्यावा. तीन महिन्यांच्या आतील बॅटरी उत्तम. त्याहून जुनी असेल, तर ती मधल्या काळात चार्ज केली होती का, हे विचारावे आणि बसवण्यापूर्वी समोर व्होल्टेज मोजून घ्यावे. नवी बॅटरी १२.५ व्होल्टच्या खाली असेल, तर दुसरी मागावी.

एक्साइड आणि अमरॉन या नावांचा बाजारात दबदबा आहे. टाटा ग्रीनसारखे इतर पर्यायही उपलब्ध आहेत. पण एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मालिकांमध्ये मोठा फरक असतो. त्यामुळे नुसते नाव सांगून बॅटरी मागणे पुरेसे नाही. जवळ सेवाकेंद्र आहे का आणि माल लवकर खपणारे दुकान आहे का, हे दोन प्रश्न अधिक उपयोगाचे ठरतात.

‘३६ महिन्यांची वॉरंटी’ म्हणजे किती?

जाहिरातीतील महिने बहुधा दोन भागांची बेरीज असतात. १८ अधिक १८ म्हणजे पहिले १८ महिने बॅटरी मोफत बदलून मिळेल आणि पुढच्या १८ महिन्यांत नव्या बॅटरीवर सवलत मिळेल. ही सवलत बऱ्याचदा छापील किमतीवर मोजली जाते. समजा, बॅटरीची छापील किंमत ८,००० रुपये आहे आणि २६व्या महिन्यात ३० टक्के सवलत मिळाली, तर ५,६०० रुपये भरावे लागतील. तीच बॅटरी बाजारात ६,४०० रुपयांना मिळत असेल आणि जुन्या बॅटरीचे ७०० रुपये वजा होत असतील, तर ती ५,७०० रुपयांना पडते. म्हणजे वॉरंटीचा फायदा अवघा शंभर रुपयांचा. त्यामुळे तुलना करताना एकूण महिन्यांपेक्षा ‘मोफत बदली’चे महिने पाहावेत.

खासगी मोटार आणि टॅक्सी यांच्यासाठी वॉरंटीचा कालावधी वेगळा असू शकतो. कार्डावर किंवा ऑनलाइन नोंदणीत वाहन क्रमांक, बॅटरीचा अनुक्रमांक आणि खरेदीची तारीख बरोबर आहे ना, हे दुकानातच तपासणे सोयीचे.

जुनी बॅटरी कुठे जाते?

जुनी बॅटरी दिल्यावर मिळणारी वजावट म्हणजे आतल्या शिशाची किंमत. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते आणि जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी सुमारे ८५ टक्के बॅटऱ्यांमध्ये जाते. नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्यात ते सुरक्षितपणे काढता येते. भंगारवाल्यामार्फत उघड्यावरच्या भट्टीत गेल्यास मात्र आम्ल जमिनीत आणि शिशाची धूळ हवेत मिसळते. सेनेगलची राजधानी डकारजवळच्या थियारोय-सुर-मेर येथे नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ दरम्यान १८ बालकांचा मृत्यू झाला. तेथे जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढण्याचा अनौपचारिक धंदा चालत होता. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० मधील अहवालाने भारतातील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात प्रतिडेसिलिटर पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असल्याचा अंदाज मांडला. त्याची कारणे अनेक आहेत. बॅटऱ्यांचा असुरक्षित पुनर्वापर हे त्यांपैकी प्रमुख.

भारतात २००१ च्या नियमांच्या जागी २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकानेही जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता संकलन किंवा पुनर्वापर करणाऱ्यांकडे सोपवणे अपेक्षित आहे. बॅटरी दुरुस्त करून पुन्हा विकणे बेकायदा नाही, पण त्यासाठी नोंदणी लागते. जुन्या खोक्यात काही प्लेट बदलून आणि नवे स्टिकर लावून बिनबिलाने विकलेली बॅटरी या चौकटीबाहेरची असते. तिची क्षमता किती आणि ती आधी किती वर्षे वापरली गेली, हे सांगायला कोणी बांधील नसते.

भंगारवाला अधिकृत विक्रेत्यापेक्षा शे-दोनशे रुपये जास्त देऊ शकतो, कारण सांडपाणी आणि धूर रोखण्याचा खर्च तो ज्या भट्टीला माल विकतो ती करत नाही. करकपातीने बिलासह खरेदीचे पारडे थोडे जड केले आहे. लोड टेस्टचा निकाल, योग्य प्रकार, उत्पादनाची तारीख, मोफत बदलीचे महिने आणि जुन्या बॅटरीची वजावट दाखवणारे बिल एवढ्या पाच गोष्टी ज्या दुकानात विनातक्रार मिळतात, तिथली बॅटरी सहसा दगा देत नाही.