हौसेला मोल नसतं, पण व्यवसायाला असतं!

समजा, तुम्ही एक स्पर्धा जिंकलात. पहिलं बक्षीस साधारण पंधरा लाख डॉलर. ट्रॉफी तुमच्या हातात, फोटो तुमचा, पण पैसे मात्र सगळे दुसऱ्या नंबरवाल्याला. तुम्हाला शून्य. डोकं फिरेल ना?

जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेत अगदी हेच झालं. अलाबामा विद्यापीठात शिकणारा वीस वर्षांचा निक डनलॅप पीजीए टूरवरची ‘द अमेरिकन एक्स्प्रेस’ स्पर्धा जिंकला. फिल मिकलसननं १९९१मध्ये असा पराक्रम केला होता, त्यानंतर कुठल्याही हौशी खेळाडूला तो जमला नव्हता. पण डनलॅप हौशी, म्हणजे अमॅच्युअर होता. त्यामुळे विजेत्याची रक्कम दुसऱ्या आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या क्रिस्टियान बेझाउडनहाउटला मिळाली. हौसेला मोल नसतं म्हणतात. गोल्फमध्ये ते असं अक्षरशः खरं आहे.

डनलॅपनं काही दिवसांतच आपण प्रो होत असल्याचं जाहीर केलं. सोशल मीडियावर सगळ्यांनी त्याच्या बुडालेल्या पैशांचे हिशेब मांडले. मला विचाराल, तर त्या आठवड्यात त्याला मिळालेली खरी कमाई वेगळीच होती. त्या विजयामुळे पुढच्या दोन वर्षांहून जास्त काळ त्या टूरवर खेळायचा हक्क त्याला मिळाला. म्हणजे उडी मारण्याआधी त्याच्या पायाखाली जमीन होती.

आपल्याकडच्या मुलांना नेमकं हेच सांगायला हवं. कारण आपल्याकडे ‘प्रो झालो’ ही गोष्ट अजूनही बढती मिळाल्यासारखी साजरी होते. केक कापला जातो, स्टेटस पडतं, नातेवाईक अभिनंदन करतात. प्रत्यक्षात प्रो होणं म्हणजे बढती नव्हे. ते स्वतःचा धंदा सुरू करणं आहे, आणि तोही पहिल्या दिवसापासून खर्च सुरू असलेला धंदा.

हिशेब बघा. हौशी खेळाडू म्हणून भारतीय संघात असता, तेव्हा दौऱ्याची सोय संघटना बघते. प्रो झालात की एन्ट्री फी तुमची, प्रवास तुमचा, हॉटेल तुमचं, कॅडीची मजुरी तुमची. चार दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांनंतर ‘कट’ लागतो. त्यात बसला नाहीत तर बॅग उचलायची आणि घरी यायचं. साधारणपणे एक रुपयाही न घेता. नोकरीत वाईट आठवडा गेला तरी महिनाअखेरीला पगार होतो. इथे वाईट आठवडा म्हणजे खिशातून गेलेले पैसे.

आता अदिती अशोकचं उदाहरण घ्या. ७ ऑगस्ट २०२१च्या सकाळी गोल्फमधलं ओ की ठो कळत नसताना आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो, आठवतंय? टोकियोत तिचं पदक एका फटक्यानं हुकलं. पण तिची त्याआधीची एक चाल मला जास्त शहाणपणाची वाटते. डिसेंबर २०१५मध्ये, सतरा वर्षांची असताना, हौशी म्हणूनच ती मोरोक्कोत युरोपच्या महिला टूरच्या पात्रता स्पर्धेत उतरली आणि पहिली आली. कार्ड मिळालं. त्यानंतर, २०१६च्या सुरुवातीला ती प्रो झाली. त्याच वर्षी तिनं भारतातली ‘विमेन्स इंडियन ओपन’ जिंकली. आधी कार्ड, मग घोषणा. क्रम लक्षात ठेवा.

‘पण सगळ्यांना कुठे जमतं हे?’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. वर्षानुवर्षं हौशी राहणं हीसुद्धा चैन आहे. घरचं पाठबळ असेल, तर वाट बघता येते. एस. एस. पी. चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कॅलकटा क्लबमध्ये मैदानाची निगा राखायचे. तो तिथेच कॅडीचं काम करत, बघून बघून खेळ शिकला आणि १९९७मध्ये प्रो झाला. युरोपियन टूरवरचं पहिलं विजेतेपद त्याला मिळालं २००८मध्ये, दिल्लीत. मध्ये अकरा वर्षं गेली. त्याच्याआधी दिल्लीचा कॅडी अली शेर १९९१मध्ये इंडियन ओपन जिंकला होता. या दोघांकडे वाट बघायची सोय नव्हती, खेळावरच पोट होतं. म्हणून ‘घाई करू नका’ हा सल्ला देणाऱ्यानं समोरच्याच्या घरची परिस्थितीही बघावी.

म्हणूनच माझं म्हणणं आहे, मदतीचा हात चुकीच्या जागी संपतोय. ज्युनिअर गटात चमकणाऱ्या मुलांचे सत्कार होतात. नाव झालं की प्रायोजक रांगेत उभे राहतात. मधली, प्रो झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं मात्र बहुतेकांना एकट्यानं काढावी लागतात. कंपन्यांनी आणि क्लबांनी तिथे पैसे लावावेत. विजेत्याच्या टोपीवर लोगो चिकटवणं सोपं असतं. कट चुकलेल्या मुलाचं पुढच्या आठवड्याचं तिकीट काढणं अवघड, पण गरज तिथेच आहे.

नियमही आता थोडे सैल झालेत. २०२२पासून हौशी खेळाडूंना प्रायोजकत्व घ्यायला मोकळीक आहे आणि हजार डॉलरपर्यंतचं बक्षीसही स्वीकारता येतं. म्हणजे ‘पैसे हवेत म्हणून प्रो व्हायलाच हवं’ हे कारण पूर्वीइतकं पक्कं राहिलेलं नाही. प्रो झाल्यावर पटलं नाही, तर अर्ज करून पुन्हा हौशी होण्याची वाटही उघडी असते. त्यात लाज कसली?

पुण्याचा उदयन माने २०१५मध्ये प्रो झाला आणि टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. तेही कसं? दुसऱ्या एका खेळाडूनं ऐनवेळी माघार घेतली, जागा रिकामी झाली आणि क्रमवारीत हा जवळपास उभा होता. नशीब म्हणा हवं तर. पण नशीब दार वाजवतं, तेव्हा तुम्ही घरात असायला हवं. त्यासाठी खेळत राहावं लागतं आणि खेळत राहण्यासाठी पैसे पुरवावे लागतात.

तेव्हा, तुमच्यापैकी कुणी बॅग खांद्यावर टाकून हे पाऊल टाकायच्या विचारात असेल, तर आई-बाबांसोबत एक वही घेऊन बसा. एकही कट पार झाला नाही, तर वर्षभर कसं भागेल, एवढंच लिहा. उत्तर सापडलं तर बिनधास्त उडी मारा. नाही सापडलं, तर आणखी एक सीझन हौशी म्हणून खेळा. केक काय, पुढच्या वर्षीही कापता येईल.