‘रोजचंच काम’ लिहा की!

शाळेतली मैत्रीण बीएस्सी नर्सिंग करून दोन वर्षं वॉर्डात ड्युटी करतेय. आता मास्टर्ससाठी परदेशात अर्ज करायचाय. ‘तू जर्नलिझमवाली, जरा माझं पर्सनल स्टेटमेंट बघ ना!’ पहिल्या ओळीत फ्लोरेन्स नाइटिंगेल, दुसरीत लहानपणापासून सेवेची आवड. पानभर वाचलं, पण ती स्वतः कुठेच सापडली नाही.

‘त्या रात्री आजोबांचा श्वास वाढलेला तुझ्याच लक्षात आला होता ना? ते का नाही लिहिलंस?’

‘अगं, ते तर रोजचंच काम!’

नेमकं इथेच चुकतं. नाइटिंगेल १८५४ मध्ये स्कुटारीला गेल्या, तेव्हा त्यांनी नुसता दिवा धरला नाही. पुढे तिथल्या मृत्यूंचे आकडे मांडून त्यांनी लष्करी हॉस्पिटलांत सुधारणा मागितल्या. म्हणजे नर्सिंग ही निरीक्षणाची आणि निर्णयाचीही विद्या आहे. आपणच तिला ‘सेवा’ म्हणून हात जोडतो आणि तिची अक्कल विसरतो. मग नर्सलाही स्वतःची अक्कल लिहिण्याजोगी वाटत नाही.

अर्ज करणाऱ्यांनो, एकच प्रसंग निवडा. काय दिसलं, काय केलंत, कुठे ज्ञान कमी पडलं आणि म्हणून हाच कोर्स का, एवढं सांगा. पेशंटची ओळख मात्र उघड करू नका.

मैत्रिणीने परवा नवा मसुदा पाठवला. सुरुवात होती, ‘रात्रीचे तीन वाजले होते...’ या वेळी मी शेवटपर्यंत थांबले नाही.