खडपावरची लाट कुणाच्या दप्तरी आहे?

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई.

महोदय,

पारनेर तालुक्यातल्या सुप्याहून समुद्राच्या लाटांबद्दल पत्र आले म्हणून आपल्या कार्यालयात कुणी गालातल्या गालात हसले, तर त्याचा राग नाही. आमचा पट्टा अवर्षणाचा. इथे पाण्याचा विषय निघाला की तो टँकर, पाझर तलाव आणि बोअरच्या खोलीपाशी येऊन थांबतो. पण या पत्राचा विषय मोजणीचा आहे, आणि तो सुप्याला चांगला कळतो. गावाजवळच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या आहेत. पवनचक्की उभारायची तर आधी त्या जागी मनोरा रोवून वाऱ्याचा वेग आणि दिशा महिनोन् महिने टिपावी लागते. ते आकडे हातात आल्याशिवाय कुणी शहाणा माणूस पैसा घालत नाही. समुद्रकाठच्या बांधकामाच्या अहवालातही लाटेची उंची असते, पण ती बांधकाम टिकावे एवढ्यापुरती. ती लाट कुठल्या खडकावर, भरतीच्या कुठल्या टप्प्याला, कशी फुटते आणि काम झाल्यावर तशीच फुटेल का, हा रकाना त्यात सहसा नसतो. माझी विनंती या रकान्यासाठी आहे. राज्याच्या किनाऱ्यावर खडपावर, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ तळावर, फुटणाऱ्या लाटांची सार्वजनिक नोंदवही मंडळाने सुरू करावी, आणि ती उघडून पाहिल्याशिवाय त्या जागी कुठल्याही बांधकामाला मंजुरी देऊ नये.

जगभर सर्फिंग करणारे ज्या लाटांसाठी जीव टाकतात, त्यांतल्या कितीतरी खडकाळ तळावरच्या असतात, आणि त्याचे कारण साधे आहे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. वाळूच्या किनाऱ्यावर तळ दर पावसाळ्यात सरकतो, म्हणून लाटही जागा बदलते. खडप हलत नाही. म्हणून तिथली लाट वर्षानुवर्षे त्याच ठिकाणी, त्याच बाजूला उलगडत जाते, आणि तिच्यावर फळी टाकून उभे राहणाऱ्याला तिचा भरवसा धरता येतो. मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडपासून कार्टर रोडकडे गेलेला काळ्या दगडाचा काठ हा असाच तळ आहे. निघोजला कुकडीने ज्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये रांजणखळगे कोरले, त्याच लाव्हाच्या घराण्यातला तो दगड. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. सकाळी ज्या दगडांवरून बाया कालवे काढताना दिसतात, तेच दगड दुपारी दोन पुरुष पाण्याखाली असतात. मधल्या तासा-दीड तासात खोली नेमकी बसते आणि लाट मोकळी उघडते. त्याआधी ती दगडावर आपटते आणि त्यानंतर नुसती फुगून पुढे जाते. अशा लाटेला बिघडवायला मोठा प्रकल्प लागत नाही. काठावर टाकलेल्या दगडांवरून उलटलेले पाणी समोरून येणाऱ्या लाटेत शिरले, तरी तिची घडी मोडते.

याचा सगळ्यात बोलका पुरावा मुंबईसारख्याच एका मोठ्या शहरात आहे. पेरूची राजधानी लिमा पॅसिफिकच्या अगदी काठावर, कड्यांवर वसलेली आहे. तिथल्या चोरिओस भागातली ला एरादुरा ही लाट एकेकाळी शहराचे भूषण होती. १९८०च्या दशकात शेजारच्या डोंगरातून रस्ता काढण्यासाठी सुरुंग लावले, राडारोडा पाण्यात गेला, किनाऱ्याची वाळू गेली आणि लाट पूर्वीसारखी राहिली नाही. त्या हळहळीतून लोक कामाला लागले आणि २००० मध्ये पेरूने २७२८० क्रमांकाचा कायदा केला. सर्फिंगयोग्य लाटा ही राष्ट्राची मालमत्ता, आणि त्यांना बाधा येईल असे बांधकाम करायचे नाही, असे ठरले. कायदा मात्र बरीच वर्षे कागदावरच राहिला, कारण कोणती लाट कुठे सुरू होते आणि कुठे संपते याची नोंदच नव्हती. नियम २०१३ मध्ये आले, नोंदवही नौदलाच्या खात्याकडे गेली, आणि २०१६ मध्ये चिकामाची लांबलचक लाट संरक्षित झाली. आज त्या नोंदवहीत तीसहून अधिक लाटा आहेत. मधल्या काळात, २०१५ मध्ये, लिमाच्या किनारी रस्त्याला आणखी एक मार्गिका जोडण्यासाठी ला पाम्पिया या गोट्यांच्या काठावरच्या लाटेसमोर दगड ओतायला सुरुवात झाली होती, तेव्हा सर्फर रस्त्यावर उतरले. म्हणजे कायदा होऊन पंधरा वर्षे झाली होती, तरी नोंद नसलेल्या जागी डंपर पोचलाच. मला या कथेतला कायद्यापेक्षा हा भाग जास्त मोलाचा वाटतो. आपल्याकडे कायद्यांना तोटा नाही, नोंदींना आहे.

बिघडलेली लाट नंतर दुरुस्त करू, असे म्हणण्याची सोय नाही. कॅलिफोर्नियात एल सेगुंडोला १९८०च्या दशकात एका तेल कंपनीने आपल्या पाइपलाइनच्या बचावासाठी समुद्रात दगडी बांध घातला. तिथल्या किनारा आयोगाने लाटांचे नुकसान झाल्याचे मान्य करून कंपनीला भरपाई द्यायला लावली, आणि त्या पैशातून २०००च्या सुमारास वाळूच्या प्रचंड पिशव्यांचा कृत्रिम खडप बांधला गेला. त्यावर धड लाट कधी फुटलीच नाही. काही वर्षांनी पिशव्या उपसून काढाव्या लागल्या. स्पेनमधल्या मुंडाकाला नशिबाने साथ दिली. २००३ मध्ये खाडीतली वाळू उपसल्यावर तिथली जगप्रसिद्ध लाट गायब झाली, २००५ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली, आणि पुढे वाळू परत बसल्यावर लाट परतली. पण ती वाळूची लाट होती. खडपावर काँक्रीट बसले की परतीची वाट उरत नाही.

आता आक्षेप. पहिला कुणीही घेईल: महाराष्ट्रात सर्फिंग करतात किती जण? थोडे, हे कबूलच आहे. या खेळात देशातली नावे पुढे आली ती बहुतेक तमिळनाडू आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धा झाली आणि रमेश बुदिहाल यांनी कांस्यपदक मिळवले. टोकियोपासून सर्फिंग ऑलिंपिकमध्ये आहे आणि २०२६ च्या आइची-नागोया आशियाई खेळांतही त्याला जागा मिळाली आहे. पण मी पदकांच्या आशेवर हे पत्र लिहीत नाही, आणि सर्फिंगवाल्यांचा वकील म्हणूनही नाही. पॅरिस ऑलिंपिकची सर्फिंग स्पर्धा ताहितीच्या तेआहुपोओ या प्रवाळखडकावर झाली, त्याआधी पंचांचा मनोरा उभारण्याच्या चाचणीत बार्जने प्रवाळ मोडले आणि स्थानिकांना आरडाओरडा करावा लागला. खेळाच्या नावानेही खडप फुटतो. म्हणून नोंद खडपाची आणि लाटेची हवी. तिच्यावर कोण स्वार होतो ही पुढची गोष्ट.

दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे. धूपप्रतिबंधक बंधारे हौसेने बांधले जात नाहीत. उधाणाचे पाणी माडांच्या मुळाशी आणि घराच्या ओटीपर्यंत येते म्हणून गावेच ते मागतात. रत्नागिरीच्या मिऱ्या-पंधरामाडच्या माणसाला लाटेचे सौंदर्य सांगायला जाणे हा उद्धटपणा ठरेल. पण त्याच माणसाने वर्षानुवर्षे पावसाळ्यात ढासळणारा बंधारा आणि त्यावर पुन्हा पडणारे दगडही पाहिले आहेत. समोरचा खडप हा मुळात बंधाराच आहे: लाट तिथे फुटते म्हणजे तिची बरीच ताकद काठापासून दूर, फुकट, खर्ची पडते. कुठल्या भागात हे काम निसर्ग करतो आणि कुठे करत नाही, हे कळले तर दगड नेमके कुठे घालायचे तेही कळेल. सर्फरला हवी असलेली माहिती आणि बंधारा बांधणाऱ्या अभियंत्याला हवी असलेली माहिती ही एकच आहे; फक्त आजवर ती दोघांसाठीही कुणी धड गोळा केलेली नाही. शिवाय नोंद म्हणजे बंदी नव्हे. नोंद असूनही घरे वाचवण्यासाठी लाट गमवावी लागेल असे प्रसंग येतील, आणि तेव्हा घरेच वाचवावीत. तो निर्णय कागदावर, कारणांसकट, लोकांसमोर व्हावा एवढेच.

नंतर विचारण्याची किंमत काय असते, हे वरळी कोळीवाड्याने दाखवले आहे. किनारी रस्त्याच्या पुलाखालून क्लीव्हलँड बंदरातल्या होड्यांनी जायचे होते. दोन खांबांमधले सुमारे साठ मीटर अंतर पुरेसे आहे असे अभियंते म्हणत होते. तिथली ओढ, वारा आणि खडक ठाऊक असलेले मच्छीमार नाही म्हणत होते. काम अडले, आंदोलने झाली, आणि २०२२ च्या अखेरीस अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. कोळ्यांचे म्हणणे आराखडा काढतानाच लिहून घेतले असते, तर हा सगळा खटाटोप वाचला असता. खडपाचा खरा नकाशा आज कोळीवाड्यांच्या डोक्यात आहे. नौदलाच्या देहरादून कार्यालयाचे सागरी नकाशे उत्तम असतात, पण ते जहाजांसाठी असतात; जिथे जहाजाने जाऊच नये अशा काठालगतच्या दगडांत त्यांना फारसा रस नसतो. लाटांच्या नोंदवहीत पहिली साक्ष कोळ्यांचीच हवी, आणि तिच्यात त्यांच्या होड्यांची वाट व कालवांच्या जागाही असाव्यात, म्हणजे उद्या सर्फिंगच्या नावाखाली त्यांनाच कुणी हुसकावणार नाही.

धोक्याचा आक्षेपही येईल. वांद्र्याच्या खडकांवरून माणसे वाहून गेली आहेत, आणि मंडळ दरवर्षी मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत जलक्रीडा बंद ठेवते ते योग्यच आहे. पावसाळ्यातल्या त्या दगडांवर कुणी फळी घेऊन उतरावे असे मी सुचवत नाही. पण भरती किती मीटरवर गेली की कुठला दगड लाटेच्या माऱ्यात येतो, हे फलकावर लिहायचे तरी आधी ते माहीत हवे. आणि पाणी घाण आहे म्हणाल, तर आहेच. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या सर्फरांनी १९९० मध्ये सांडपाण्याविरुद्ध संघटना काढली ती याच घाणीला कंटाळून. जो पाण्यात उतरतो तोच पाण्याची तक्रार नेटाने करतो.

पैसा आणि यंत्रणा यांचे कारण मात्र चालणार नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज रोज देते, तिचे लाटामापक बोये आपल्या किनाऱ्यासमोर आहेत. लाटांचे नमुने टाकीत उभे करून बंदरे तपासणारे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून पुण्यात आहे. समुद्राचा अभ्यास समुद्रापासून लांब आत बसून करता येतो याचा तो जुना दाखलाच. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत किनाऱ्याची अखंडता राखणाऱ्या भूरूपांना सर्वोच्च वर्गात स्थान आहे. लाट फोडणारा खडप त्यात बसतो की नाही, हे ठरवण्यासाठी आधी कुणीतरी तो दाखवून द्यावा लागेल.

वांद्रे, वर्सोवा ही बंदरे मंडळाच्या अखत्यारीत येतात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यासमोर वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचे काम चालू आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करावी. मोठ्या उधाणाच्या ओहोटीला ड्रोनने उघड्या खडपाचे चित्रण, भरतीला छोट्या होडीतून खोलीची मोजणी, आणि वांद्रे, खार दांडा, जुहू व वर्सोव्याच्या कोळीवाड्यांत बसून घेतलेल्या जबान्या, एवढ्यावर पहिली आवृत्ती उभी राहू शकते. ती मंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत ठेवावी, आणि पुढच्या बंधाऱ्याच्या किंवा जेट्टीच्या प्रस्तावाला तिचा संबंधित उतारा जोडणे बंधनकारक करावे. या विनंतीवर मंडळाने काय ठरवले, ते लेखी कळवावे.

आपला,
सुपा (ता. पारनेर, जि. अहिल्यानगर) येथील एक नागरिक