खिम्याचे गोळे आणि आपली शुद्ध पंगत

परिषद आपली. झेंडा निळा. स्टेजवर बुद्ध आणि बाबासाहेब. आणि मागच्या मांडवात? पनीर, मटकी, जिलेबी. नांदेडला बघा, लातूरला बघा, पंगत बहुतेक हीच. काहून असं, विचारलं तर कार्यकर्ता खालच्या आवाजात सांगतो, "सगळ्या समाजाचे लोक येतात. बरं दिसत नाही."

कुणाला बरं दिसत नाही रे? घरी मोठ्याचं शिजवायचं, वास गल्लीत जाऊ नये म्हणून खिडकी लावायची, आणि मांडवात हात धुऊन पनीर वाढायचं. भाषणात मनुस्मृती जाळायची आणि पत्रावळीवर तिचीच आज्ञा पाळायची!

काही शहाणे तर बाबासाहेबांनाच मधे घालतात. म्हणे, त्यांनीच मांस सोडायला सांगितलं. साफ खोटं. १९२७ साली महाडला त्यांनी सोडायला सांगितलं ते मेलेल्या ढोराचं मांस. गावानं मढं ओढायला लावायचं आणि तेच खायला द्यायचं, ही गुलामी सोडा म्हणाले. मढं आणि मटण यातला फरक ज्याला कळंना, त्यानं त्यांचं १९४८ चं 'द अनटचेबल्स' उघडावं. गोमांस खाण्यावरून माणूस अस्पृश्य कसा ठरला, ते तिथं मांडलंय. आणि बौद्ध म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी विनयपिटक बघावं. देवदत्तानं भिक्खूंवर मांसबंदी घाला म्हणून मागणी केली. बुद्धानं ती नाकारली. आपण कुणाचे चेले? देवदत्ताचे?

सरकारचं तर विचारूच नका. गोहत्याबंदीचा कायदा १९७६ चा. मार्च २०१५ मधे त्यात बैल-वळूही घातले. गरिबाच्या ताटातलं सगळ्यात स्वस्त मांस गेलं. म्हैस तेवढी राहिली, तीही दाखल्यावर.

आता कागदाचं बघा. वाटी-चमच्याचं माप 'रुचिरा'नं १९७० साली घराघरात नेलं. मराठवाड्यातल्या महारा-मांगांच्या चुलीवर शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं ते २०१५ साली. मधे पंचेचाळीस वर्षं आपल्या आया काय उपाशी होत्या? म्हणून ही कृती इथं छापतोय. भाषणाइतकीच नीट वाचा.

अर्धा किलो खिमा, म्हशीचा नाहीतर बकऱ्याचा. चरबी काढायला सांगू नका. म्हशीचं मांस रूक्ष, चरबी गेली की गोळा दगड होतो. दोन कांदे बारीक चिरून, मीठ लावून, पिळून घ्यायचे. पाणी राहिलं तर गोळा फुटतो. दहा-बारा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, दोन चमचे काळं तिखट, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे फुटाण्याचं पीठ. हाताला चिकटेपर्यंत मळायचं. दोन मिनिटांत सोडून देणाऱ्याचे गोळे कढईत विस्कटतात. आधी एक चिमटीएवढा तळून मीठ बघा. मग ओल्या हातानं लिंबाएवढे वळून करडीच्या तेलात मध्यम आचेवर तळा. जाळ मोठा केला तर वरून करपतील, आत कच्चे.

आपल्याकडचा मुसलमान शेजारी याला कोफ्ता म्हणतो. फारसीत त्याचा अर्थ कुटलेलं. आपल्याला शोभतो शब्द.

बुडवून खायला तिखट असं: सहा लाल मिरच्या तव्यावर भाजायच्या. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, लसणाचा अर्धा गड्डा, मूठभर भाजलेले शेंगदाणे, मीठ, गुळाचा खडा. पाट्यावर वाटून पाण्यानं सैल करायचं, गोळ्याला चिकटून राहील इतपतच.

पुढच्या परिषदेच्या पत्रिकेत जेवणाची ओळ उघड छापा: ज्वारीची भाकर, खिम्याचे गोळे, चिंचेचं तिखट. ज्याला चालत नाही त्याच्यासाठी वरण वेगळं ठेवू.